सुरांचा कारागीर

इ. स. 1784 च्या सुमाराची गोष्ट. पॅरिस शहरातील एका चर्चच्या दारी भिक्षा मागणारा सतरा वर्षांचा एक अंध मुलगा व्हॅलेंतिन आऊई नावाच्या विद्वान गृहस्थांच्या दृष्टीस पडला. मुलाचे नाव फ्रांस्वा लस्यूर. आऊईंनी त्याला लिहावाचावयास शिकविण्याची इच्छा दर्शविली. परंतु मुलापुढील अडचण खरी होती. दिवस शिकण्यात गेला, तर सायंकाळी खायचे काय? तेव्हा बुडणारी भिक्षेची रक्कम आऊईंनी पदरची द्यावी असे ठरले, आणि मगच पहिला धडा सुरू झाला. कागदावर उठविलेली अक्षरे बोटांनी चाचपून लस्यूर थोड्याच महिन्यांत वाचू लागला. पुढच्याच वर्षी आऊईंची अंधशाळा उभी राहिली. पुढे लुई ब्रेल शिकला तो याच शाळेत.

तथापि वाचता येणे निराळे आणि स्वतःच्या पायावर उभे राहणे निराळे. शाळेत विणकाम व इतर हस्तोद्योग शिकवीत. पण शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या तरुणाला त्या जिनसांवर शहरात उदरनिर्वाह करणे कठीण जाई. शाळा जेथे संपते तेथून पुढची वाट कोणी आखलेली नव्हती.

ही वाट ज्याने शोधली तो क्लोद मोंताल. त्याचा जन्म 1800 सालचा. लहानपणी तापाच्या आजारात त्याची दृष्टी गेली. पौगंडावस्थेत तो या शाळेत आला आणि हुशारीच्या बळावर तेथेच इतरांना शिकवू लागला. शाळेतील पियानो सुरात लावण्याकरिता बाहेरून एक डोळस कारागीर येत असे. त्याचे काम मोंतालला व त्याच्या एका सोबत्याला पसंत पडेना. म्हणून त्या दोघांनी स्वतःच तारांना हात घातला. कारागिराने चालकांकडे तक्रार केली. चालकांनीही अंध मुलांनी पियानोच्या आतील भागास शिवू नये अशी ताकीद देऊन टाकली!

मुले गप्प बसली नाहीत. त्यांनी एक जुना, निरुपयोगी पियानो मिळविला, तो सुटा केला, प्रत्येक भाग बोटांनी ओळखून ठेवला आणि सर्व पुन्हा जोडून तो वाजता केला. हे काम लहान नव्हे. तंबोऱ्याला चार तारा असतात. तो जुळवितानाही नवशिक्याची किती त्रेधा उडते! पियानोत तारांची संख्या दोनशेच्या पुढे जाते. बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एकजीव वाजाव्या लागतात. दोन तारांत किंचितही अंतर राहिले की नाद थरथरू लागतो. तारेची खुंटी किल्लीने केसभर पिळत ती थरथर थांबेपर्यंत कारागिराला कान देऊन बसावे लागते. येथे डोळ्यांचे काम थोडे, कानांचे व मनगटाचे फार. अंधांचे कान उपजतच तीक्ष्ण, असे म्हणून लोक मोकळे होतात. पण एका जुन्या पियानोपाशी त्या दोघांनी घालविलेल्या तासांचा हिशेब त्यात राहून जातो. अखेर चालकांनी शाळेतील पियानोंचे काम त्यांच्याच स्वाधीन केले.

1830 साली मोंताल शाळा सोडून पॅरिसमध्ये स्वतंत्र धंदा करू लागला. खरी कसोटी येथेच होती. आज भारतात 2016 च्या कायद्यान्वये सरकारी नोकऱ्यांतील किमान 4 टक्के जागा दिव्यांगांसाठी राखून ठेवाव्या लागतात. मोंतालच्या पाठीशी असे काहीच नव्हते. मौल्यवान वाद्य आंधळ्याच्या हाती कोण देणार? तो नीट काम करू शकतो की नाही, हे पाहण्याआधीच लोक नकार देत. पुढे संगीत विद्यालयातील एका प्राध्यापकाने त्याची परीक्षा पाहिली. निरनिराळ्या कारखान्यांचे, निरनिराळ्या आवाजांचे दोन पियानो त्याने मोंतालपुढे ठेवले आणि ते एकमेकांशी तंतोतंत जुळवावयास सांगितले. मोंतालने ते जुळविले. त्या प्राध्यापकाने दया दाखविली नाही, काम दिले. मोंतालला हवे होते तेही एवढेच. त्यानंतर मात्र त्याची कीर्ती वादकांत पसरत गेली.

1836 साली त्याने पियानो सुरात लावण्याच्या विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला. धंद्याची मर्मे सहसा कोणी उघड करीत नाही. याने ती छापून सर्वांपुढे ठेवली. पुढे तो स्वतः पियानो तयार करू लागला. (आपल्याकडील भजनात व नाटकात रुळलेल्या पेटीची पूर्वज हार्मोनियम, तिचे एकस्वही याच पॅरिसमध्ये घेतले गेले.) 1851 साली फ्रान्स सरकारने त्याला 'लेजिआँ दॉनर' हा बहुमान दिला. 1865 साली तो निवर्तला.

मोंतालच्या यशानंतर त्याच्या शाळेत ही विद्या रीतसर शिकविली जाऊ लागली. 1872 साली डॉ. आर्मिटेज व फ्रान्सिस कँबेल या दोघा अंध गृहस्थांनी लंडनमध्ये अंध तरुणांसाठी विद्यालय काढले, तेव्हा त्यांनीही पियानो जुळविण्याच्या शिक्षणास तेथे महत्त्वाचे स्थान दिले. किल्ल्यांची पिशवी घेऊन दारोदार जाणारा अंध कारागीर पुढे यूरोपातील कित्येक शहरांत लोकांच्या परिचयाचा झाला. त्याला दार उघडताना कोणी भिक्षेची नाणी शोधीत नसे. त्याच्यासाठी पियानोचे झाकण आधीच उघडून ठेवलेले असे.