एक शब्द, अनेक अर्थ : 'पास'

मुलांनो, 'मेरे पास किताब है' असे आपण घरी सहज म्हणतो. उर्दूतील या 'पास'चा अर्थ 'जवळ'. मराठीत आपण 'माझ्याजवळ पुस्तक आहे' किंवा 'माझ्यापाशी पुस्तक आहे' असे म्हणू. पण शाळेत, रस्त्यावर आणि मैदानावर आपल्याला दुसराच 'पास' भेटतो. तो इंग्रजीतून आला आहे. आज त्याची ओळख करून घेऊ.

लॅटिन भाषेत 'पासुस' म्हणजे पाऊल. त्यापासून फ्रेंच भाषेत आणि तेथून इंग्रजीत 'पास' हा शब्द आला. पाऊल टाकणे, ओलांडून जाणे हा त्याचा मूळ अर्थ. हा अर्थ ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे सारे अर्थ सोपे होतील.

परीक्षेत ठरलेले गुण मिळाले की विद्यार्थी पास होतो. तो एक रेषा ओलांडतो. मराठीत त्याला 'उत्तीर्ण' म्हणतात. 'उत्तीर्ण' म्हणजेही पार गेलेला!

एसटीचा किंवा लोकलचा पास दाखवला की प्रवास करता येतो. येथे पास म्हणजे जाण्याची परवानगी. हजला जाणाऱ्यांना पासपोर्ट लागतो. त्याचे मराठी नाव 'पारपत्र'.

फुटबॉल खेळताना मित्र ओरडतो, "अरे, पास दे!" त्याला चेंडू हवा असतो. त्या वेळी तुम्ही खिशातून एसटीचा पास काढून दिलात, तर काय होईल?

2009 साली संसदेत शिक्षण हक्काचा कायदा पास झाला. येथे पास होणे म्हणजे मंजूर होणे. 'मंजूर' हा शब्द तर उर्दूत आणि मराठीत सारखाच आहे.

इंग्रजी पुस्तकात तुम्ही 'खैबर पास' असे वाचाल. तेथे ना परीक्षा असते, ना तिकीट! तेथे पास म्हणजे डोंगरांमधून जाणारी वाट. उर्दूत तिला 'दर्रा' म्हणतात, मराठीत 'खिंड'. 1660 साली बाजीप्रभू देशपांडे ज्या खिंडीत लढले, ती पावनखिंड तुम्हाला इतिहासात भेटतेच.

आता 'नापास' हा शब्द पाहा. घरी आपण 'फेल' म्हणतो. मराठीने फारसीतला 'ना' घेतला, इंग्रजीतला 'पास' घेतला आणि दोघांना जोडून टाकले. उर्दूच्या सवयीने 'नापास' म्हणजे 'जवळ नसलेला' असे समजू नका.

म्हणून शब्द एकटा पाहू नये. त्याच्या शेजारचे शब्द पाहावेत. माणूस जसा सोबतीवरून कळतो, तसा शब्दही सोबतीवरून कळतो.

आणि मुलांनो, कोणी एखाद्या परीक्षेत नापास झाला, तर त्याला हसू नका. नापास होते ती एक परीक्षा, मूल नव्हे. 'पास'च्या मुळाशी पाऊल आहे. एक पाऊल कमी पडले, तर ते पुन्हा टाकता येते.

शब्दार्थ
पाऊल – कदम
ओलांडणे – पार करना
खिंड – दर्रा
सोबत – साथ

स्वाध्याय
1. 'उत्तीर्ण' आणि 'पास' या शब्दांच्या अर्थात कोणते साम्य आहे?
2. पुढील वाक्यांतील 'पास'चा अर्थ सांगा.
(अ) सलमाने बसचा पास काढला.
(आ) गोलरक्षकाने इम्रानला पास दिला.
(इ) ठराव एकमताने पास झाला.
3. 'लाइन' हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरून तीन वाक्ये लिहा.