घडीतले वस्त्र

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा होत. अन्नाच्या साठवणीविषयी आपण जागरूक असतो. धान्याला कीड लागू नये म्हणून ते उन्हात वाळवतो, त्यात कडुनिंबाचा पाला घालतो. वस्त्रांच्या बाबतीत मात्र 'कपाटात ठेवले म्हणजे सांभाळले' असा समज आढळतो. वस्तुतः वस्त्र जसे वापराने झिजते, तसेच नुसते पडून राहिल्यानेही खराब होते. लग्नातला शालू, आजीच्या हातची गोधडी किंवा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला टेबलक्लॉथ सदोष साठवणीमुळे एका पावसाळ्यात निकामी होऊ शकतो. असे का घडते आणि ते कसे टाळावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• वस्त्रांच्या हानीची कारणे सांगता येतील;
• वस्त्राच्या प्रकारानुसार साठवणीची पद्धत निवडता येईल;
• कीडनाशक गोळ्यांचे धोके स्पष्ट करता येतील;
• 'घडी' व 'कसर' या शब्दांचे विविध अर्थ ओळखता येतील.

मूलपाठ

वस्त्राची प्रकृती

सुती आणि लिननचे कापड वनस्पतिजन्य तंतूंचे असते. रेशीम आणि लोकर प्राणिजन्य असतात. प्रकृती भिन्न, म्हणून शत्रूही भिन्न. सुती कापड हवेतील ओलावा शोषून घेते आणि दमट जागी त्यावर बुरशी चढते. त्यात खळ असेल तर कसर लागते, कारण पिष्टमय पदार्थ हे कसरीचे आवडते खाद्य आहे. लोकर आणि रेशीम यांना धोका असतो तो एका लहानशा पतंगाच्या अळ्यांचा. उडणारा पतंग स्वतः कापड खात नाही. त्याने घातलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या कापड कुरतडतात. म्हणून कपाटात पतंग दिसला, तर त्याला मारून स्वस्थ बसू नये. सर्व कपडे बाहेर काढून झटकावेत.

साठवणीपूर्वीची तयारी

मळलेले वस्त्र कधीही साठवू नये. घाम, तेल, चहा किंवा सरबत यांचे डाग आरंभी दिसतही नाहीत. परंतु काही महिन्यांनी ते पिवळे-तपकिरी होऊन पक्के बसतात. शिवाय अशा डागांकडे कीड आकृष्ट होते. टेबलक्लॉथ, हातरुमाल, चादरी स्वच्छ धुऊन, साबणाचा अंश राहणार नाही अशा रीतीने खळबळून वाळवाव्यात. दीर्घकाळ ठेवायच्या कापडाला खळ देऊ नये. ती वापरण्याच्या वेळी द्यावी. इस्त्री केल्यावर कापड पूर्ण निवू द्यावे. गरम कापड लगेच घडी करून ठेवले, तर त्यातील वाफ आतच कोंडते आणि नव्या सुरकुत्याही पडतात.

घडी कशी घालावी?

एकाच रेषेवर वर्षानुवर्षे घडी राहिली, की तेथील तंतू ताणले जाऊन तुटतात. जुनी रेशमी साडी नेमकी घडीवरच विरते, त्याचे कारण हेच. जरीच्या वस्त्राला हा धोका अधिक असतो. पारंपरिक जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. धातूची ही तार वारंवार एकाच ठिकाणी दुमडली, की तडकते. म्हणून पैठणी किंवा बनारसी साडी तीन-चार महिन्यांनी उघडावी, सावलीत वारा द्यावा आणि घडीची रेषा बदलून पुन्हा ठेवावी. दुमडीच्या आत मऊ मलमलीची सैल गुंडाळी ठेवल्यास तीक्ष्ण मोड पडत नाही.

टेबलक्लॉथसाठी घडीपेक्षा गुंडाळी उत्तम. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर प्रथम धुतलेले पांढरे कापड लपेटावे आणि त्यावर टेबलक्लॉथ सैलसर गुंडाळावा. भरतकाम असल्यास ते बाहेरच्या बाजूस ठेवावे, म्हणजे टाके चेपत नाहीत. घड्या एकावर एक रचताना जड वस्त्रे तळाशी व हलकी वर असावीत. विणलेले स्वेटर टांगल्यास स्वतःच्या वजनाने लोंबतात. ते घडी घालूनच ठेवावेत.

वेष्टन आणि जागा

नव्या साडीची प्लॅस्टिकची पिशवी अनेक जण जपून ठेवतात आणि साडी तिच्यातच राहू देतात. अशा बंद पिशवीत ओलावा कोंडतो. वर्तमानपत्राचा कागदही योग्य नाही. त्यातील आम्लामुळे कापड पिवळे पडते आणि शाई लागते ती वेगळीच. जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा धुतलेला पांढरा तुकडा हे सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित वेष्टन होय. लाकडी फळीवर किंवा लोखंडी पेटीच्या तळाशीही असे कापड अंथरावे, म्हणजे लाकडातील आम्ल आणि लोखंडाचा गंज वस्त्रापर्यंत पोहोचत नाही. टाचण्या काढून टाकाव्यात. कपाट ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नये. मध्ये हवा खेळू द्यावी.

वस्त्रसंग्रहालयांतही याच तत्त्वांचा अवलंब होतो. १९४९ साली अहमदाबाद येथे स्थापन झालेल्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयासारख्या संस्थांनी जुनी भारतीय वस्त्रे जतन केली आहेत. अंधार, कोरडेपणा, स्वच्छता आणि वस्त्राच्या भाराला सर्वत्र सारखा आधार ही त्या जपणुकीची सूत्रे सामान्य घरातही पाळता येतात.

डांबरगोळ्यांविषयी सावधगिरी

डांबरगोळ्या हवेत हळूहळू विरून जातात. त्यांची वाफ किडीला मारक ठरते. तीच वाफ माणसालाही अपायकारक आहे. लहान मुले या गोळ्या मिठाई समजून तोंडात घालतात. मुलाने गोळी गिळल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. काही बालकांच्या रक्तात जन्मतः एका विशिष्ट विकराची कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळल्यास त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसते. म्हणून बाळंतविडा, दुपटी, झबली या गोळ्यांसोबत कधीही ठेवू नयेत.

वेखंड, लवंग किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. या पदार्थांच्या वासाने कीड दूर राहण्यास मदत होते. परंतु आधीच झालेल्या अळ्या त्याने मरतीलच असे नाही. वेखंडही मुलांच्या हाती लागू देऊ नये. स्वच्छता आणि वेळोवेळी केलेली पाहणी यांना पर्याय नाही.

पैठणीसारखे वस्त्र विणण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात. गोधडीचा प्रत्येक टाका कोणीतरी हाताने घातलेला असतो. वस्त्र जपणे म्हणजे पैसा वाचवणे तर खरेच, पण त्याचबरोबर करणाऱ्याच्या श्रमांची बूज राखणेही होय. हॉटेल, धुलाई केंद्र किंवा मंगल कार्यालयात काम करणाऱ्यांसाठी तर हे ज्ञान उपजीविकेचे साधन आहे.

शब्दार्थ

खळ – कापडाला ताठपणा आणणारे पिष्टाचे पाणी
विरणे – कापड झिजून तलम होणे व फाटणे
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारा घटक
पुरचुंडी – कापडात बांधलेली लहान गाठोडी
बूज राखणे – योग्य मान देणे

भाषाभ्यास

'घडी' म्हणजे कापडाची दुमड, तसेच अल्पसा काळ. 'घडी मोडणे' म्हणजे नवे वस्त्र प्रथम नेसणे. 'संसाराची घडी बसणे' म्हणजे संसार सुरळीत होणे. 'घडी विस्कटणे' म्हणजे व्यवस्था बिघडणे. 'कसर' म्हणजे कापड व कागद खाणारी कीड. 'कसर भरून काढणे' यात मात्र तिचा अर्थ उणीव असा होतो.

स्वाध्याय

१. जुनी रेशमी साडी घडीवरच का विरते? दोन-तीन वाक्यांत उत्तर लिहा.
२. कारणे द्या : (अ) साठवायच्या कापडाला खळ देऊ नये. (आ) साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये.
३. 'घडी मोडणे' व 'घडी विस्कटणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. शेजारच्या घरी बाळंतविडा डांबरगोळ्यांसह ठेवला आहे. त्यांना समजावून सांगणारा संवाद आठ-दहा वाक्यांत लिहा.
५. उपक्रम : घरातील एक जुने वस्त्र उघडून पाहा. ते कोणाचे, केव्हाचे, हे वडीलधाऱ्यांना विचारा. त्याची आजची स्थिती आणि तुम्ही केलेली साठवण यांची नोंद वहीत करा.