आधी विद्या, मग विलायत

बोरगाव, सौसर आणि पांढुर्णा या भागात लग्नकार्याला देगच्या देग रांधणारे कसबी हात थोडे नाहीत. अशा घरांतील मुले आता आम्हां शिक्षकांस विचारतात, “सर, परदेशी शेफ व्हावयाचे तर काय करावे?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर चुकले, तर शेत किंवा दागिना गहाण पडू शकतो.

वाटा दोन आहेत. एजंटाच्या हाती पैसे देऊन मिळेल त्या कामावर जाणे ही पहिली. आधी शिकून मग नोकरी धरणे ही दुसरी. दुसरी वाट लांबची खरी, पण ती माणसाला कोठवर नेते हे पाहावयाचे असेल तर फ्लॉइड कार्डोझ यांचे चरित्र पाहावे.

मूळ गोव्याच्या घराण्यातील कार्डोझ यांचा जन्म १९६० साली मुंबईत झाला. प्रथम ते जीवरसायनशास्त्र शिकले. नंतर मुंबईच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेत आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी शिक्षण घेतले. आणि मग न्यूयॉर्कमध्ये इतरांच्या हाताखाली काम केले. १९९८ साली तेथील ‘तब्ला’ या उपाहारगृहाचे ते प्रमुख शेफ झाले. २०११ साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरची नामांकित पाकस्पर्धा त्यांनी जिंकली, ती आपल्या घरोघरच्या उपम्याला नवे रूप देऊन! २०२० साली कोरोनाने त्यांचे निधन झाले. शिक्षणाने त्यांच्या हातची मूळ चव पुसली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ज्या मुंबईच्या संस्थेत ते शिकले, ती १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने निघाली. अशी सरकारी संस्था आपल्या भोपाळलाही आहे. इंग्रजी विषय घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावे, राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा द्यावी, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीची वाट खुली होते. तेथे केवळ रांधणे शिकवीत नाहीत. स्वच्छता, साठवण, हिशेब आणि खर्चाचा मेळ हेही शिकवितात. ज्यांना हलाल-हरामाचा विचार आहे, त्यांनी कोणते पदार्थ हाताळावे लागतील हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.

आता परदेशी शिक्षणाविषयी. विद्यार्थ्याचा व्हिसा म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे. ऑस्ट्रेलियात अभ्यासक्रम चालू असताना पंधरवड्यास ४८ तासांहून अधिक काम करता येत नाही. तेव्हा तेवढ्या कमाईवर फी भागेल असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. नियमही पालटतात. जुलै २०२५ मध्ये इंग्लंडने कुशल कामगारांच्या व्हिसासाठी पदवीच्या दर्जाच्या कामाची अट घातली, आणि नव्याने जाऊ पाहणाऱ्या शेफांना ती वाट जवळजवळ बंद झाली. म्हणून फी भरण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारचा चालू नियम स्वतः वाचावा. वाचता न आल्यास शिक्षकाकडून वाचवून घ्यावा.

नोकरी लावून देणारा एजंट भारत सरकारकडे नोंदलेला आहे की नाही, हे पाहावे. कायद्याने त्याला ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. पैशाची पावती घ्यावी, आणि करारपत्र वाचल्यावाचून सही करू नये.

हातचे कसब ही आपल्या घराण्यांची मिरास आहे. तिला विद्येची जोड मिळाली, तर ती परमुलखातही मानाने भाकर मिळवून देईल. पालकांनी मुलाला दहावीनंतर शाळेतून काढू नये, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे.