अंगास लावावयाचीं लोशनें व कातडीचे विकार: आपणांस मानवेल तें कसें ओळखावें

आमच्या खेड्यांतील पुष्कळ तरुण स्त्रीपुरुष पोटापाण्याकरितां नवी मुंबईस जातात. कोणी पनवेल-खारघरकडे घरकाम करितात, कोणी ठाणे-बेलापूर पट्ट्यांतील कारखान्यांत, तर कोणी रुग्णालयांत परिचारिका म्हणून राबतात. सणासुदीस तीं घरीं येतात, तेव्हां आईकरितां अथवा बहिणीकरितां सुवासिक लोशनाची एखादी बाटली आणितात. भेट प्रेमाची असते. परंतु तें लोशन लावल्यावर दोनतीन दिवसांनीं एखादीच्या हातापायांवर लाल चट्टे उठतात, खाज सुटते, बारीक फोड येऊन पाणी वाहूं लागतें. मग घरांत भीति शिरते. कोणी म्हणतें, हें खाण्यांतून झालें; कोणी म्हणतें, नजर लागली; आणि कोणी हळूच महारोगाचें नांव घेतें. मग त्या बाईच्या शेजारीं बसावयास लोक कचरूं लागतात. अज्ञानामुळें कोणा निरपराध बहिणीस असें दुःख होऊं नये, म्हणून ह्या पाठांत आपण ह्या विषयाचा विचार करूं.

१. कातडी कां बिघडते

हा विकार दोन प्रकारांनीं होतो. पहिला प्रकार जळजळीचा. धुण्याचा सोडा, तीव्र साबण किंवा आम्ल असलेलें मलम ह्यांनीं कातडी सोलवटते. पदार्थ पुरेसा तीव्र असला तर तो कोणासही बाधतो, आणि त्याची खूण बहुधा लवकर दिसते.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. ह्यांत पदार्थ सौम्य असूनही एखाद्याच्याच शरीरास तो शत्रु वाटतो. प्रथम लावितांना कांहीं होत नाहीं. परंतु शरीर त्या पदार्थाची ओळख आंतल्या आंत धरून ठेवितें. ही ओळख पटावयास कधीं दहा-पंधरा दिवस, तर कधीं कित्येक वर्षें लागतात. ती एकदां पटली म्हणजे पुढें तो पदार्थ लागल्यावर बहुधा १ ते ३ दिवसांत चट्टे उठतात. ह्यावरून दोन गोष्टी समजतात. "हें तर मी दहा वर्षें लावीत आहें," एवढ्यानें लोशन निर्दोष ठरत नाहीं. तसेंच आज उठलेल्या चट्ट्यांचा दोष आजच्या जेवणास देण्यापूर्वीं, काल-परवां अंगास काय लावलें होतें हें आठवावें.

आपला बिब्बा ह्याचें उत्तम उदाहरण होय. बिब्ब्याच्या तेलानें धोबी कपड्यांवर खुणा करीत, कारण ती खूण धुण्यानें जात नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर चट्टे उठूं लागले. त्यांच्या डॉक्टरांनीं शोध केला, तेव्हां धोब्याची खूण जेथें कातडीस टेकत होती तेथेंच विकार आहे असें आढळलें, व १९४३ सालीं त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. आंब्याचा चीक व काजूच्या टरफलांतील तेल ह्यांतही त्याच जातीचे दाहक पदार्थ असतात. म्हणून "झाडपाल्याचें आहे, तेव्हां निरुपद्रवीच असणार," ही समजूत खोटी आहे. लिंबाचा रस तोंडास चोळून उन्हांत गेल्यास कातडी भाजून काळे डाग पडतात, हेंही स्त्रियांनीं ध्यानांत ठेवावें.

२. बाटलींत काय असतें

लोशन म्हणजे मुख्यतः पाणी व तेल ह्यांचें मिश्रण. तें एकजीव राहावें, नासूं नये व त्यास सुगंध यावा म्हणून त्यांत दुसरे पदार्थ घालितात, आणि ॲलर्जी बहुधा ह्या दुसऱ्या पदार्थांचीच असते.

पहिला पदार्थ सुगंध. वेष्टनावर 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' हा एकच शब्द छापलेला असतो, पण त्याच्या पोटांत अनेक द्रव्यें असूं शकतात. 'अनसेंटेड' लिहिलेल्या बाटलींतही मूळचा वास झांकण्यापुरता सुगंध घातलेला असूं शकतो. 'फ्रॅग्रन्स-फ्री' हे शब्द असलेली बाटली अधिक बरी. दुसरा पदार्थ नासणें थांबविणारा. ह्यांपैकीं मिथाइलआयसोथायाझोलिनोन ह्या द्रव्यानें इतक्या लोकांस उपद्रव झाला कीं, अंगावर तसेंच राहूं द्यावयाच्या प्रसाधनांत तें घालण्यास युरोपीय संघांत २०१७ पासून बंदी आहे. तिसरा पदार्थ लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरींतून काढलेली चरबी. ती बहुतेकांस सोसते, परंतु कांहींस सोसत नाहीं.

३. मानवणारें कसें शोधावें

चट्टे उठले असतील तर प्रथम सर्व लोशनें, अत्तरें व पावडरी बंद कराव्या. चट्टे पूर्ण बरे झाल्यावर एका वेळीं एकच वस्तु पुन्हा सुरू करावी. एकदम चार सुरू केल्यास दोष कोणाचा हें कळणार नाहीं.

नवें लोशन सर्वांगास लावण्यापूर्वीं त्याची परीक्षा घ्यावी. हाताच्या कोपराच्या आंतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागीं तें सकाळ-सायंकाळ लावावें, व असें ७ ते १० दिवस करावें. तेथें खाज, लाली किंवा पुरळ आलें नाहीं तर तें बहुधा मानवेल. एका रात्रीची परीक्षा पुरेशी नव्हे, ह्याचें कारण वर सांगितलेंच आहे. परीक्षा चालू असतां चट्टा उठला तर ती जागा पाण्यानें धुवावी व बाटली पुन्हा हातीं धरूं नये, मग तिची किंमत कितीही असो.

ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनीं साध्यापासून आरंभ करावा. बिनवासाची पेट्रोलियम जेली क्वचितच कोणास बाधते. शुद्ध खोबरेल तेलही पुष्कळांस मानवतें. स्नान झाल्यावर अंग किंचित् ओलें असतांच तें लाविलें म्हणजे ओलावा टिकतो. नवी मुंबईची हवा खाडीमुळें दमट असते. तेथें पावसाळ्यांत व उन्हाळ्यांत दाट तेलकट थर दिल्यास घाम कोंडून घामोळें येतें. म्हणून दाट मलम थंडीच्या कोरड्या दिवसांकरितां ठेवावें, व एरवीं पातळ व थोडें लावावें.

एवढें करूनही कारण सांपडलें नाहीं तर कातडीच्या डॉक्टरांकडे जावें. संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून ४८ तासांनीं व पुन्हा एकदोन दिवसांनीं पाहण्याची एक परीक्षा आहे. यादास्सोन नांवाच्या डॉक्टरांनीं ती १८९५ सालीं मांडली, व ती आजही चालू आहे. ओठ किंवा डोळे सुजले, श्वास लागला, ताप आला किंवा पू झाला, तर विलंब न करितां रुग्णालयांत जावें.

४. दोन मोठे धोके

पहिला धोका औषधाच्या नळीचा. खाज आली कीं दुकानांतून स्टेरॉइडची नळी आणून लावण्याची चाल पडली आहे. तिनें खाज तात्पुरती थांबते, पण मनास येईल तसें लावीत गेल्यास कातडी पातळ होते, आणि नायटा असेल तर तो आंतून पसरतो. सरकारनें २०१८ सालीं अशीं १४ औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असें ठरविलें आहे.

दुसरा धोका गोरें करणाऱ्या मलमाचा. २०२३ च्या आरंभीं अकोल्यांतील एकाच घरच्या तिघींच्या मूत्रपिंडांस इजा झाल्याचें वृत्त आलें. त्यांनीं वापरलेल्या मलमाची तपासणी झाली, तेव्हां त्यांत पारा फार मोठ्या प्रमाणांत सांपडला. पारा कातडींतून रक्तांत जातो. म्हणून ज्या डबीवर करणाऱ्याचें नांव, पत्ता व घटक छापलेले नाहींत, ती फुकट मिळाली तरी घेऊं नये. देवानें दिलेला वर्ण हा रोग नव्हे. त्यास औषध कशाला?

५. महारोगाची भीति

लोशनाच्या चट्ट्यांस फार खाज असते, व पदार्थ बंद केल्यावर ते हळूहळू जातात. महारोगाचा, म्हणजे कुष्ठरोगाचा, चट्टा बहुधा फिकट किंवा तांबूस असतो, खाजत नाहीं, आणि तेथें स्पर्श कमी कळतो किंवा कळत नाहीं. अशी शंका आल्यास सरकारी दवाखान्यांत दाखवावें. तेथें औषध विनामूल्य मिळतें व रोग पूर्ण बरा होतो. तेव्हां चट्टा कोणत्याही कारणाचा असो, माणसास दूर सारण्याचें कारण उरत नाहीं. उपदेशक बंधूंनीं अशा घरीं जावें, त्या बहिणीच्या शेजारीं बसावें, तिच्या हातचा चहा घ्यावा, आणि मग बाटली मागून घेऊन तिजवरील अक्षरें तिला वाचून दाखवावीं.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. जळजळ व ॲलर्जी ह्यांत भेद काय?
२. पुष्कळ वर्षें वापरलेली वस्तु एकाएकीं कां बाधते?
३. नव्या लोशनाची परीक्षा कोठें, किती वेळां व किती दिवस करावी?
४. कोणत्या दोन प्रकारच्या मलमांपासून सावध राहावें, व कां?
५. आपल्या मंडळींत कोणास चट्टे उठल्यामुळें कोणी दूर ठेविलें आहे काय? ह्या आठवड्यांत त्यांच्या घरीं कोण जाईल?