रात्रभर ट्रक चालू ठेवावा का? थंडी, डिझेल आणि निर्णयाचा एक पाठ



जव्हार-मोखाड्याच्या मुलांना मोठ्या गाड्या नवीन नाहीत. गावात मुक्कामी एसटी येते, दिवाळीनंतर वीटभट्टीवर माणसं नेणारे ट्रक-टेम्पो येतात, आणि त्र्यंबक-नाशिकच्या रस्त्यावर मालगाड्यांची ये-जा असते. थंडीच्या पहाटे "गाडी सेल्फ घेत नाही" हे वाक्य बऱ्याच मुलांनी ऐकलेलं असतं. त्याला जोडून आणखी एक सल्ला ऐकू येतो: "डिझेल गोठतं, म्हणून इंजिन रात्रभर चालूच ठेवायचं."

हे खरं आहे का? सातवी-आठवीच्या वर्गात दोन तासिकांत हा प्रश्न छान सोडवता येतो. त्यात विज्ञान आहे, गणित आहे आणि जिवाशी संबंध असलेली एक गोष्टही आहे.

१. सुरुवात खोबरेल तेलापासून

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजलेली प्रत्येक घरात दिसते. शेंगदाण्याचं तेल मात्र त्याच फळीवर, त्याच थंडीत पातळ राहतं. हे का होतं, ते मुलांना विचारा. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागतं, शेंगदाणा तेलाला त्याहून बरीच जास्त थंडी लागते. थोडक्यात, "थंडी पडली की तेल थिजतं" हे वाक्य अपुरं आहे. कोणतं तेल आणि किती अंश, हे दोन्ही सांगावं लागतं.

कृती: दोन लहान बाटल्यांत ही दोन तेलं घ्या. रात्री वर्गाबाहेर ठेवा, सकाळी तापमापकाची नोंद घेऊन निरीक्षण लिहा. डिझेल मात्र वर्गात आणू नका.

२. डिझेल किती अंशाला थिजतं?

डिझेलमध्ये मेणासारखे घटक विरघळलेले असतात. थंडी वाढली की त्यांचे बारीक कण तयार होतात आणि फिल्टरच्या जाळीत अडकतात. टाकी भरलेली असूनही इंजिनाला डिझेल पोचत नाही. "डिझेल गोठलं" म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. अख्खी टाकी बर्फासारखी घट्ट होत नाही, आधी फिल्टर चोंदतो.

आपल्या देशाच्या मानकानुसार हिवाळ्यात विकलं जाणारं साधं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जायलाच हवं. उन्हाळी डिझेलसाठी हीच मर्यादा १८ अंश आहे. या मर्यादा कमाल आहेत. प्रत्यक्षातलं डिझेल त्याहून कमी तापमानालाही चालू शकतं.

आता जव्हार पाहा. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंची. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांच्या आसपास येतो, क्वचित आणखी खाली. नाशिककडे निफाडला तो कधी कधी पाचच्याही खाली जातो, पण तो नीचांक पहाटे थोडाच वेळ टिकतो आणि भरलेली टाकी हवेइतकी पटकन गार होत नाही. त्यामुळे हिवाळी डिझेल भरलेल्या गाडीला आपल्या भागात रात्रभर इंजिन चालू ठेवायची गरज नाही.

३. मग पहाटे गाडी का अडते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. थंडीत तीन अडचणी एकदम येतात: बॅटरीची ताकद कमी होते, इंजिन ऑइल घट्ट होतं, आणि गार धातू दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतो. म्हणून आपल्याकडे उपाय आहे तो जुनी बॅटरी वेळेत बदलण्याचा, योग्य ऑइल वापरण्याचा, फिल्टरमधलं पाणी काढण्याचा, आणि ग्लो प्लग असलेल्या गाडीत त्याचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारण्याचा.

४. फळ्यावरचं गणित

उभ्या ट्रकचं इंजिन तासाला २ लिटर डिझेल खातं असं धरू. मोठ्या ट्रकला ३ लिटरही लागतं.

- ८ तास × २ लिटर = १६ लिटर
- लिटरला ९० रुपये धरले, तर एका रात्रीचे १,४४० रुपये
- ३० रात्रींचे ४३,२०० रुपये

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एका रात्रीत ४३ किलो. इथे मुलांना अडवा: एक लिटर डिझेलचं वजन एक किलोही नाही, मग २.७ किलो वायू कुठून आला? उत्तर हवेतल्या ऑक्सिजनमध्ये आहे. शिवाय नुसतं चालू ठेवलेलं इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि आत काजळी साठते.

५. तोच प्रश्न, द्रासमध्ये

लडाखमधल्या द्रासला हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली जातो. तिथे साधं डिझेल खरोखर थिजतं. पूर्वी लोक त्यात रॉकेल मिसळून वेळ निभावत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल लडाखसाठी आणलं. तेही मिळालं नाही, तर इंजिन चालू ठेवणं हा तिथे समजण्यासारखा निर्णय आहे, कारण बंद पडलेली गाडी तिथे जिवावर बेतू शकते. नाशिकला उन्हाळी डिझेल भरून कोणी थेट उत्तरेच्या थंडीत निघाला, तर त्यालाही वाटेत हिवाळी डिझेल भरून घ्यावं लागेल.

म्हणून निर्णयाआधी तीन प्रश्न वहीत लिहून घ्या:

- आज पहाटे किती अंश असतील?
- टाकीत कोणतं डिझेल आहे?
- गाडी किती तास उभी राहणार?

"लई थंडी हाय" हे कारण झालं नाही. आकडा हवा.

६. बंद केबिन, बंद खोली

हा भाग घाईत उरकू नका. थंडीमुळे काचा लावून, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणं धोक्याचं आहे. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असला, तरी गळका सायलेन्सर आणि बंद केबिन एकत्र आले की तो आत साठू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही.

ट्रक सगळ्यांच्या घरी नसतो, शेगडी असते. दारं-खिडक्या लावून पेटत्या कोळशाची शेगडी उशाशी ठेवली, तर तोच वायू तयार होतो, आणि डिझेलच्या धुरापेक्षा कितीतरी जास्त. भट्टीवरच्या झोपडीत, घरात, कुठेही हे लागू आहे. झोपण्याआधी शेगडी बाहेर काढायची. डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली तर लगेच मोकळ्या हवेत यायचं आणि दवाखाना गाठायचा. पालकांनो, हे आज रात्रीच घरात सांगा.

स्वाध्याय

१. सात दिवस पहाटेचं तापमान नोंदवून आलेख काढा. ६ अंशांची रेघ त्यावर आखा. एकदा तरी आलेख तिच्या खाली गेला का?
२. ओळखीच्या ड्रायव्हरकाकांना विचारा: थंडीत गाडी अडली तर ते आधी काय तपासतात?
३. तासाला ३ लिटर धरून एका रात्रीचा खर्च काढा.
४. "शेगडी कुठे ठेवायची?" या विषयावर घरात लावण्यासाठी एक पाटी तयार करा. ती आपल्या बोलीत लिहिली तर जास्त चांगलं.