नातीचे हात धरू नका



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत मोजून झाली, सह्या झाल्या आणि एक ताई मागे थांबल्या. त्यांची नात चार वर्षांची आहे, तिला ऐकू येत नाही. "सारखे हातवारे करते, म्हणून आम्ही तिचे हात धरतो. खुणांची सवय लागली तर ती कधीच बोलणार नाही, असं सगळे म्हणतात. खरं काय हो?" तेव्हा मी घाईत दोन वाक्यं बोलले, पण माझंच समाधान झालं नाही. म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहिते.

आपलं बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की "बाबाबा, दादादा" सुरू करतं. त्याला कोणी शिकवत नाही. ज्या घरात आईवडीलच कर्णबधिर आहेत आणि खुणांच्या भाषेत बोलतात, तिथलं कर्णबधिर बाळही असंच बडबडतं, फक्त बोटांनी. कॅनडातल्या संशोधकांनी १९९१ मध्ये हे दाखवून दिलं. पुढे त्याची पहिली खूण येते, मग दोन खुणा जोडणं येतं, आणि हे सगळं साधारण आपल्या मुलांच्याच वयात. म्हणजे भाषा शिकायची भूक जिभेत नसते, डोक्यात असते. तिला कान मिळाले नाहीत तर ती डोळे आणि हात वापरते.

अडचण अशी की बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात खुणांची भाषा कोणालाच येत नसते. मग लेकरू स्वतःच खुणा बनवतं: पाणी, भूक, बकरी, आजोबा. त्या घरातल्या चार माणसांना कळतात, उंबऱ्याबाहेर कोणाला नाही.

अशी मुलं एकत्र आली तर काय होतं? हे मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा नावाच्या लहानशा देशात बघायला मिळालं. तिथे कर्णबधिर मुलं आपापल्या घरात एकेकटी वाढत होती. १९७७ साली राजधानी मानाग्वामध्ये खास मुलांच्या शाळेत सुमारे पन्नास कर्णबधिर मुलं आली, पुढच्या काही वर्षांत आणखी शेकडो. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवायला बघत होते. ते काही जमलं नाही. पण मैदानात, शाळेच्या बसमध्ये मुलं एकमेकांशी हातांनी बोलू लागली. प्रत्येकाने आपल्या घरच्या खुणा आणल्या, त्यांची सरमिसळ झाली. शिक्षकांना मुलं काय बोलतात तेच कळेना, तेव्हा १९८६ मध्ये सरकारने ज्युडी केगल या अमेरिकन भाषातज्ज्ञ बाईंना बोलावलं.

खरी गंमत पुढे आहे. नंतर जी लहान मुलं शाळेत आली, त्यांनी मोठ्यांच्या खुणा नुसत्या उचलल्या नाहीत, त्यांत नियम घातले. संशोधकांनी सगळ्यांना एक कार्टून दाखवलं. मांजर मोठा चेंडू गिळतं आणि उतारावरून गडगडत जातं. सुरुवातीच्या मोठ्या मुलांनी हात गोल फिरवत फिरवत खाली नेला, एकाच खुणेत सगळं. नंतरच्या मुलांनी दोन खुणा केल्या: आधी "गडगडणं", मग "खाली". आपण मराठीत "गडगडत खाली" म्हणतो, तसंच की! तुकडे वेगळे झाले की ते पुन्हा हवे तसे जोडता येतात. "घसरत खाली" म्हणा, "उड्या मारत वर" म्हणा. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आणि वयाने मोठी झालेली, उशिरा भाषा भेटलेली मंडळी मात्र बरीचशी जुन्याच पद्धतीने बोलत राहिली. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. लहान वय निघून गेलं तर भाषा येते, पण तेवढी सफाईदार येत नाही.

जुन्या खुणाही वापरून वापरून झिजतात. अमेरिकेतल्या सांकेतिक भाषेत "घर" म्हणायला पूर्वी दोन खुणा होत्या: जेवणे आणि झोपणे. जिथे जेवतो, झोपतो ते घर. (चुलीपुढे बसणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने आणखी दोन-चार कामं जोडली असती!) आता हात ओठांजवळ टेकतो आणि गालाकडे सरकतो, एवढ्यात घर झालं. आपल्या तोंडच्या शब्दांचंही असंच होतं.

आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषा आहे. मुंबई-दिल्लीत काही खुणा वेगवेगळ्या असतात, जशी आपली बोली दर काही कोसांवर बदलते. २०१५ मध्ये दिल्लीत या भाषेसाठी सरकारी संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले आणि त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट बघता येतात.

तर त्या ताईंना माझं उत्तर: हात धरू नका. खुणांमुळे बोलणं थांबतं, असं काही सिद्ध झालेलं नाही. कानाचं यंत्र लावायचं असेल, ऑपरेशन करायचं असेल, ते जरूर करा, पण तोवर लेकराला भाषेविना ठेवू नका. घरातल्या सगळ्यांनी रोज तीन-चार खुणा शिका. आजोबांनीही. शक्य असेल तिथे दुसऱ्या कर्णबधिर मुलांशी, मोठ्या माणसांशी तिची गाठ घालून द्या, कारण भाषा वाढते ती सोबतीत.

अंगणवाडीत आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून दोनदा येतं. बाळ मागून वाजवलेल्या थाळीला दचकत नसेल तर त्या दिवसाची वाट न बघता आशाताईंना सांगा. त्या पुढे जिल्हा रुग्णालयात कानाच्या तपासणीसाठी पाठवतील. ताटली वाजवून बघणं ही तपासणी नव्हे, फक्त शंका आहे एवढंच धरा. ज्या गटात असं मूल आहे, त्यांनी पुढच्या बैठकीत मला सांगा. मी मोबाईलवर व्हिडिओ घेऊन येते, आपण सगळ्याच जणी पहिल्या दहा खुणा शिकू.