छोटे, आधी दार वाजव

छोटे, काल फोनवर तू इतक्या उत्साहात बोलत होतीस की मला मधे बोलवेना. गडचिरोलीतल्या दिवाळीच्या रोषणाईची यादी करणार, कोणत्या वॉर्डात कोणतं घर बघण्यासारखं ते लिहिणार, सोबत हाताने काढलेला नकाशा, आणि झेरॉक्स मारून इंदिरा गांधी चौकात वाटणार. कर गं, जरूर कर. पण हा उद्योग मी तीन दिवाळ्या करून बसले आहे. तू तेव्हा नागपूरला हॉस्टेलवर होतीस, म्हणून तुला फक्त झेरॉक्सचे कागद आठवतात. बाकीचं आज सांगते.

पहिल्या वर्षी माझ्या यादीत एकवीस घरं होती. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी स्कूटी काढली. कॉम्प्लेक्सकडची क्वार्टर्स, रामपुरी वॉर्ड, गोकुलनगर, जिथे माळा दिसल्या तिथे थांबले आणि लिहिलं. विचारलं कुणालाच नाही. म्हटलं, जे रस्त्यावरून दिसतंय त्याला काय विचारायचं? पाडव्याच्या दिवशी एका काकूंनी मला बाजारात गाठलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसत म्हणाल्या, "माय, काल रात्री दूध तीनदा आनलं. कोन कोन येऊन चहा पिऊन गेले, मले आता आठवत बी नाही."

आपल्याकडे दिवाळीत फाटकाशी आलेल्या माणसाला तसंच परत पाठवत नाहीत. महालक्ष्म्या बघायला आपण घरोघर जातो, पण तिथे बोलावणं असतं, घरच्या बाईने करंज्या-पापड्यांचा अंदाज बांधलेला असतो. मी मात्र परस्पर दुसऱ्याच्या घरी पाहुणे धाडले होते, तेही लक्ष्मीपूजनाच्या रात्री. तेव्हापासून मी घरात गेल्याशिवाय घर लिहीत नाही. तू पण दिवसाउजेडी जा, दार वाजव, आणि घरच्या बाईला विचार. घरचा पुरुष "लिहा ना, लिहा, त्यात काय" म्हणून मोकळा होतो. दूध आणायला त्याला जायचं नसतं. बाई म्हणाली, फाटकाबाहेरून बघा, आत नका येऊ, तर तेच शब्द यादीत त्या घरापुढे लिही. लोकांना वाईट वाटत नाही. उलट हायसं वाटतं, कारण बघणाऱ्यालाही अनोळखी घरात शिरायचा संकोच असतोच.

आणि शेजाऱ्यांना? त्यांनाही विचार. अरुंद बोळीत एका घरापुढे दहा मोटारसायकली लागल्या की समोरच्या म्हाताऱ्याला बाहेर पडता येत नाही. आपल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)चं नाव तू ऐकलं आहेस. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव. तिथे ग्रामसभेचे निर्णय हात मोजून होत नाहीत, सगळ्यांचं जमेपर्यंत बोलत बसतात. आपल्या यादीला एवढी बैठक लागत नाही. तरी बोळीतलं एक घर नको म्हणालं, तर मी ती बोळच सोडते. तीन घरं मला हवी असली तरी.

तुला एक गंमत सांगते. ख्रिसमसच्या झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते न्यूयॉर्कमध्ये, १८८२च्या डिसेंबरात. एडिसनच्या कंपनीतला एडवर्ड जॉन्सन नावाचा माणूस. त्याने आपल्या घरातल्या ख्रिसमसच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे लावले, झाड गोल फिरायची सोय केली, आणि ते वर्तमानपत्रात छापून आलं. त्याला ते दाखवायचंच होतं. दिवे त्याच्या कंपनीचे, धंदा त्याचा. आपल्याकडची बाई गॅलरीला माळ सोडते ती लक्ष्मीसाठी, पोरांसाठी, पुण्याहून चार दिवसांसाठी आलेल्या लेकासाठी. ती लोकांना दाखवण्यासाठी असेलच असं नाही.

आता दुसऱ्या वर्षाची गोष्ट. ही मी कुणाला फारशी सांगत नाही.

त्या वर्षी मला वेळ नव्हता. निम्मी यादी मागच्या वर्षीचीच उचलली. "निळं फाटक, डाव्या हाताला, गच्चीवर मोराची लायटिंग, नक्की बघा." मोर तारेचा होता, घरच्या काकांनी स्वतः वाकवलेला, पिसाऱ्यात हिरवे दिवे. लोक यादी घेऊन गेले. घर काळोखात. फाटकाशी दहा-बारा माणसं उभी, कुणीतरी मोबाइलचा टॉर्च गच्चीवर मारला, एका पोराने मोठ्याने विचारलं, "मोर कुठे आहे?" काका पोळ्याच्या आधी गेले होते. त्या घरी दिवाळी नव्हती. शेजारपाजारचे फराळाचे डबे तेवढे आत ठेवून गेले होते. मला हे भाऊबीजेला कळलं.

मी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, त्यातलं काहीच बोलता आलं नाही. काकूंनी एका डब्यातली चकली माझ्यासमोर ठेवली.

म्हणून सांगते, मागच्या वर्षीची यादी फाडून टाक. ठेवलीस तर हात तिकडे जातोच. दरवर्षी नव्याने प्रत्येक दारात जायचं. वेळ नसेल तर सहाच घरं लिही. सहा पुरतात.

फोटो काढशील तेव्हा एवढं पाळ की रस्त्यावर उभं राहून काढायचा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दार सताड उघडं असतं आणि समोरच पाटावर दागिने, नोटा, चोपड्या मांडलेल्या असतात. तू कंदिलाचा फोटो काढतेस आणि त्यात मागे काकूंची पोहेहाराची पेटी येते. मग तो फोटो कुणाकुणाच्या फोनवर फिरतो, कोण बघतं, काय सांगावं. माणसांची नावं, फोन नंबर, "हे लोक पाडव्याला गावी जाणार आहेत, आधीच बघून घ्या" असली माहिती, यातलं काही कागदावर नको. बोळ, खूण आणि वेळ एवढ्यावर घर सापडतं.

विजेचं तुला मी शिकवायला नको, पण यादीत घर घ्यायला गेलीस की नजर टाकत जा. आपल्याकडे त्या दिवसांत पहाटे दव पडायला लागतं. टेपने गुंडाळलेला जोड ओला होतो आणि माळ लोखंडी फाटकाला वेटोळे घालून बांधलेली असते. बघायला आलेलं लेकरू पहिला हात फाटकालाच लावतं. असं दिसलं तर घरच्यांना सांग, माळ फाटकावरून काढून भिंतीवर किंवा झाडावर घ्या, आणि झोपताना पिन काढून ठेवा. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी आगगाडी दिसली तरी सांग.

बिलाची भीती मात्र लोकांना उगाच असते. बरेच जण हौस असून त्यापायी मन मारतात. गणित करून दाखव. एलईडीची साधी माळ सहा वॅटची धर. वीस माळा म्हणजे १२० वॅट. संध्याकाळी सहा ते अकरा, पाच तास, झालं ०.६ युनिट. पाच दिवसांचे तीन युनिट. हजार वॅटची इस्त्री तीन तास चालवली तरी तेवढेच जातात. जुन्या बारक्या बल्बच्या माळा आठवतात ना, एक गेला की अख्खी रांग विझायची आणि दादा प्रत्येक बल्ब काढून काढून बघत बसायचा? ते दिवस गेले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ऊर्जानगरला २,९२० मेगावॅटचं वीजकेंद्र, आणि आम्ही दिवाळीचे पदार्थ भारनियमनाचं वेळापत्रक बघून तळलेले आहेत, हे आता तुझ्या पिढीला खोटं वाटेल.

एका बाबतीत मी कडक आहे. खांबावर आकडा टाकून केलेली रोषणाई कितीही झगमगीत असो, यादीत घ्यायची नाही. कारण विचारलं तर सांगायचं. मी तिसऱ्या वर्षी सांगितलं नाही, संकोच केला, आणि त्यातूनच नंबर काढण्याचं प्रकरण चिघळलं. झालं असं की एका दुकानदाराने पहिल्या तीन घरांना बक्षीस द्यायची तयारी दाखवली. मला हुरूप आला. दोन शेजारी चुरशीला पेटले, एकाने आकडा टाकला, दुसऱ्याने ते बघितलं, आणि दोन घरांत जे बोलणं बंद झालं ते संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत. तेव्हा नंबर नको, तारे नकोत, "सर्वोत्कृष्ट" हा शब्दही नको. बोळीच्या क्रमाने लिही, म्हणजे चालणाऱ्यालाही सोपं.

मग काय लिहायचं? फक्त झगमगाट लिहू नकोस. आपला जिल्हा बांबूचा आहे. बुरडाकडून कामट्या आणून, पतंगी कागद लावून घरी केलेला कंदील अजून काही घरांत लागतो. तो शोध. पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंतीवर पणतीचा उजेड कसा चढतो ते बघायला मी स्वतः दोन किलोमीटर चालेन. आणि जमलं तर एक संध्याकाळ वेगळी ठेव, मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली वस्त्यांसाठी. पूर्व बंगालातून आलेली ती कुटुंबं आपल्या जिल्ह्यात वसली त्याला दोन पिढ्या उलटल्या. आपलं लक्ष्मीपूजन त्याच अमावस्येला त्यांची कालीपूजा, आणि आदल्या रात्री घराघरात चौदा दिवे. आपल्या यादीत हे येत नाही कारण आपल्याला ते माहीतच नसतं. तिथेही विचारूनच.

फेरी चालत होईल एवढीच ठेव. गावाबाहेरची, रानाच्या कडेची घरं कितीही सुंदर असली तरी अंधारात लोकांना तिकडे पाठवू नकोस. आपल्याकडे वाघ ही काही वेगळी सांगायची गोष्ट नाही, आणि २०२१पासून छत्तीसगडकडून उतरलेले रानटी हत्ती पण आहेत. धान कापणीला आलेलं असतं, त्या वासावर ते कुठे निघतील सांगता येत नाही. अशा घरांसाठी "संध्याकाळी साडेपाच ते सहा, उजेड आहे तोवर" असं लिहून मी एकदा बघितलं. उजेडात लायटिंग कुणी बघत नाही. सोडून दे.

आणि तुझी मुदत धनत्रयोदशी ते पाडवा. भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात, वडशाच्या नाटक कंपन्या गाड्या भरून निघतात, आणि निम्मं शहर पाहुणचाराला गावोगाव पांगतं. मग तुझ्या यादीकडे कुणी बघत नाही, रात्री रंगमंचाचेच दिवे.

मोरवाल्या काकूंच्या घराचं राहिलं. चौथ्या वर्षी मी यादी केलीच नाही, पण विचारायला मात्र गेले. का गेले माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मोर नाही लावायचा. एक कंदील लावीन म्हणते. लिहायचं तर लिही, पन चहा नाही देनार कोनाले." मी वहीत लिहून घेतलं, एक कंदील, चहा नाही. ती वही तुला देते. पण तिच्यावर विसंबू नकोस. परवा तिकडून जाताना बघितलं, फाटकाला आता हिरवा रंग दिलाय.